मध्ये बोलू नका, मास्तर

८ जुलै

अहो मास्तर,

पोचले. हॉस्टेलची खोली बरी आहे. चौघीजणी, चार कपाटं आणि आरसा एकच. बाकीच्या तिघी इतक्या लहान आहेत की मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांना वाटलं, कोणीतरी खोली तपासायला आलंय. एकीने घाईघाईने ओले कपडे पलंगाखाली ढकलले. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "बाळांनो, मीसुद्धा विद्यार्थिनीच." तेव्हापासून मला मावशी म्हणतात. अडतिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायला निघालं की हे ऐकून घ्यावं लागतं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचारणारच. एक तर फोन तुमच्या हातात टिकत नाही, आपली लेक चिमणी हिसकावून घेते आणि तुम्ही लांबून "जेवलीस का" एवढंच ओरडता. दुसरं कारण खरं. पहिल्याच तासाला प्राचार्यबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः कसे शिकता?" कोणी म्हणालं पाहून, कोणी ऐकून, कोणी घोकून. मी म्हटलं, "मी दुसऱ्याला समजावून शिकते." सगळे हसले. पण खोटं आहे का? घरी बसून बी.ए. केलं ते तुम्हाला समजावूनच. तुम्ही पेपर तपासत बसायचात, मी भांडी पुसता पुसता सांगायचे आणि सांगता सांगता माझं मलाच कळायचं. इथे तुम्ही नाही, म्हणून पत्र. ऐकताय ना?

तुमचीच,
मावशी (हॉस्टेलची)


१३ जुलै

बाईसाहेबांस,

ऐकतोय. कधी ऐकलं नाही? भांडी पुसताना तू जे सांगितलंस ते सगळं आठवतं आणि त्यातलं निम्मं मीच दुरुस्त करून दिलं होतं, हेही आठवतं. 'समजावून शिकणे' अशी पद्धत शिक्षणशास्त्रात नाही. प्राचार्यबाईंना विचार.

घर ठीक. चिमणी यंदा माझ्याच वर्गात. शाळेत सर म्हणते, घरी बाबा म्हणते, ऐकत दोन्हीकडे नाही. आमच्या वर्गात आता स्क्रीन लावणार आहेत. भिंतीवरच्या टीव्हीला बोटाने गुदगुल्या करायच्या आणि पोरांनी शहाणं व्हायचं. मी हेडमास्तरांना सांगितलं, लावायचा तर लावा, पण माझा फळा हलवू नका. कंपास न घेता मी काढलेलं वर्तुळ बघायला इतर वर्गांतली पोरं दारात जमतात, ती काय उगाच?

सरावाचे पाठ आपल्याच शाळेत घे. हेडमास्तरांच्या कानावर घालून ठेवलंय. माझाच वर्ग देतो तुला. मी मागच्या बाकावर बसेन, काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगेन. पुढे जागा निघाली की तुझा नंबर पहिला. एकाच शाळेत, एकाच डब्यातलं जेवू. एवढ्यासाठी तर तुला एवढ्या लांब पाठवली. तू नसताना संध्याकाळी घर नुसतं बसून राहतं आणि त्याच्याबरोबर मीही.

तुझा,
मास्तर


२ ऑगस्ट

अहो मास्तर,

उशीर झाला, रागावू नका. इथे प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून दिलाय. दिवसभरात शिकलेलं संध्याकाळी एकमेकांना सांगायचं. माझ्या वाट्याला एक मुलगा आलाय, इतका उंच की दारातून येताना मान झुकवतो. सगळे त्याला लंबूच म्हणतात. आधी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. गणितात कच्चा आहे, म्हणून मी सांगते आणि तो ऐकतो. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसतो, कारण वर्ग पाचला बंद होतात.

काय सांगू, असा ऐकतो! हनुवटीखाली हात, पापणी हलत नाही. मी चुकले तरी गप्प. मग जरा पुढे गेल्यावर माझं मलाच अडतं, मी मागे येते आणि चूक सापडते. परवा अपूर्णांकांचा भागाकार सांगत होते. तो मला करता येतो हो, वर्षानुवर्षं करत आलेय, उलटा करा आणि गुणा. पण तसं का करायचं, ते मला परवा पहिल्यांदा कळलं. मी एवढ्या जोरात "अरेच्चा!" म्हटलं की वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून बघितलं.

रोज पत्र लिहायचं ठरवलं होतं, पण संध्याकाळी सगळं सांगून झालेलं असतं. मग लिहायला काही उरत नाही. तब्येत सांभाळा.

तुमचीच


७ ऑगस्ट

बाईसाहेबांस,

लिहायला काही उरत नाही, हे वाचून आनंद झाला. माझ्यासाठी उरलंसुरलंही नाही म्हणजे.

अपूर्णांकांचा भागाकार मी तुला दोनदा सांगितला होता. दोन्ही वेळा "कळलं" म्हणालीस. मग ते काय होतं?

आणि पापणी न हलवता ऐकतो याचं एवढं कौतुक नको. लग्न ठरल्यावर तू मला तुझ्या मैत्रिणींच्या भानगडी सांगायचीस, तेव्हा माझीही पापणी हलत नव्हती. आज त्यातली एक भानगड आठवत नाही. पुरुष पापणी हलवत नाही तेव्हा तो ऐकतच असतो, असं नाही. माझ्या पोटात दुखतंय वगैरे समजू नकोस, मी आपलं सहज विचारतोय. त्याचं लग्न झालंय का?

स्क्रीन आला. पहिल्याच दिवशी नादुरुस्त निघाला. मी म्हटलंच होतं.

मास्तर


२० ऑगस्ट

अहो मास्तर,

लंबूचं लग्न झालेलं नाही. वय तेवीस. मला मावशी म्हणतो. आणखी माहिती हवी असल्यास कळवावे.

आता तुमच्या नादुरुस्त स्क्रीनबद्दल. चिमणी फोनवर म्हणाली, "आई, निघाला नाही गं, बाबांनी केला. सवयीने गेले आणि खडूनेच वर्तुळ काढायला घेतलं. आम्ही सगळे ओरडत होतो, त्यांना वाटलं आम्ही खूश झालोय." अहो! नव्याकोऱ्या काचेवर खडू! अर्धं वर्तुळ ओरखड्यासकट अजून दिसतं म्हणे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आम्हाला निबंध लिहायचाय, 'मी कशी शिकते आणि वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल माझं मत'. तो आधी तुम्हाला सांगून बघते. माझं मत असं की स्क्रीन कंटाळत नाही. ज्या पोराला तीनदा विचारायची लाज वाटते, ते पोर तोच भाग दहादा लावून बघू शकतं आणि यंत्र त्याच्यावर डोळे वटारत नाही. हा मोठाच गुण आहे, आपल्या दोघांत तो नाही. पण समोरच्याला कळलं नाही, हे यंत्राला कळत नाही. पोर नुसतं मान डोलवत असलं तरी ते आपलं पुढे जातं. शिवाय सगळं चित्र तयार मिळालं तर पोराने करायचं काय? म्हणून माझ्या वर्गात स्क्रीनसमोर मी नाही, पोरं उभी राहतील. ती मला समजावतील. मी ऐकेन.

एक गोष्ट सांगावी की नाही, कळत नव्हतं. लंबूने फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड करून मला ऐकवलं. माझाच आवाज, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी थांबते. लहानसंच, पण दर वेळी. लंबूने विचारलं, "मावशी, वाक्य संपलं की तुम्ही कोणाची वाट बघता?" मला उत्तर माहीत होतं. त्याला दिलं नाही.

स्क्रीन कसा वापरायचा ते पायरी पायरीने लिहून पाठवू का? सोपं आहे. लंबूने मला एका दुपारीत शिकवलं.

तुमचीच


२४ ऑगस्ट

लंबूची उष्टी विद्या मला नको.

घरात काय घडतं ते बाहेर सांगणाऱ्या मुलीला घरभेदी म्हणतात, हे तिला मी सांगितलंय. ती म्हणाली, "आई बाहेरची कधी झाली?"

तू वाट बघायचीस, म्हणून मी बोलायचो. की मी बोलायचो, म्हणून तू वाट बघायचीस, हे आता मला कोण सांगणार? लंबू?

हेडमास्तर विचारत होते, सरावाला कधीपासून येणार. कळव.

मास्तर


१५ सप्टेंबर

अहो,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. सरळच सांगते. सरावाच्या पाठांसाठी मी आपली शाळा घेतली नाही. इथलीच घेतली, बाजाराच्या मागची, मुलींची शाळा. प्राचार्यबाईंनी दोनदा विचारलं, "घरची शाळा असताना?" मी हो म्हटलं.

कारण लंबू नाही. तो सरावाला त्याच्या गावी चाललाय. कारण तुमचा मागचा बाक. तुम्ही तिथे बसलात की मी पोरींशी नाही, तुमच्याशी बोलेन. प्रत्येक वाक्य तुमच्यापुढे ठेवेन आणि थांबेन. तुम्ही दुरुस्त कराल, चांगलंच कराल, तुमच्याइतकं गणित मला सात जन्मांत यायचं नाही. पण मग तो पाठ तुमचा होईल. मला एकदा माझा घेऊन बघायचाय. चांगला जमला तर बरंच, पडला तरी माझाच पडू दे.

रागवा, पण उत्तर लिहा.

तुमचीच


१६ नोव्हेंबर

अहो,

उत्तर आलं नाही. सुट्टीत घरी आले तर तुम्ही माझ्याशी फक्त गॅस आणि विजेच्या बिलाबद्दल बोललात. एका संध्याकाळी मी मुद्दाम भांडी पुसता पुसता सांगायला लागले, तर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणालात, "बोल, बोल. मी मध्ये बोलत नाही. पापणीही हलवत नाही." चिमणी हसली. मी नाही हसले. हातातली ताटली तशीच ओली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले आणि तुम्ही पान उलटल्याचा आवाज ऐकला.

तुम्ही जळता, ते मला कळतं हो. मीही जळलेय. तुमची पोरं दारात गोळा व्हायची, तुम्ही एका हाताच्या फटक्यात वर्तुळ काढायचात आणि मी डबा घेऊन बाहेर उभी. मला वाटायचं, यांच्या हातात खडू आहे आणि माझ्या हातात डबा. कधी बोलले नाही. आज लिहिलं.

शेवटचा पाठ बारा जानेवारीला, सकाळी दुसऱ्या तासाला. तपासायला बाहेरचे परीक्षक येणार आहेत. विषय अपूर्णांक. नुसतं कळवतेय, बोलावत नाही.

तुमचीच


३ जानेवारी

बाईसाहेबांस,

पाठाला शुभेच्छा. त्या आठवड्यात शाळेत फार कामं आहेत. फळ्याच्या बाजूला समास सोडायला विसरू नकोस.

मास्तर


१४ जानेवारी

बाईसाहेबांस,

पाठ कसा झाला? फोनवर चिमणीला "बरा झाला" एवढंच म्हणालीस. मला सविस्तर कळव. मला परवा सर्दीमुळे रजा घ्यावी लागली. दिवसभर अंथरुणात होतो. अजून नाक वाहतंय.

मास्तर


१९ जानेवारी

अहो मास्तर,

अंथरुणात पडलेला माणूस आमच्या शाळेच्या व्हरांड्यात काय करत होता?

तोंडाला रुमाल बांधून, दरोडा घालायला आल्यासारखे खिडकीच्या गजांना धरून उभे होतात. रुमालाने तोंड झाकलं जातं, कपाळ नाही. त्या कपाळावरच्या आठ्या मी आंधळी झाले तरी ओळखेन. शिपाई मला नंतर म्हणाला, "बाई, एक गृहस्थ आले होते. मी हटकलं तर म्हणाले, फळा बघायला आलोय."

सविस्तर हवंय ना? घ्या. स्क्रीनवर सगळी तयारी होती. पोरी एकेक करून येऊन रंगीत पट्टीचे तुकडे बोटाने सरकवणार होत्या. तिसऱ्या पोरीला स्क्रीन अडला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी मनात म्हटलं, मास्तर असते तर म्हणाले असते, "मी म्हटलंच होतं," आणि वर बघते तर मास्तर खिडकीत! खडू उचलला आणि दोन पट्ट्या काढल्या. एकीचा अर्धा भाग रंगवला, दुसरीचा तिसरा भाग. लक्ष निम्मं खिडकीकडे. दुसरी पट्टी पहिलीहून लांबच लांब झाली, इतकी की तिचा तिसरा भाग पहिलीच्या अर्ध्याहून मोठा दिसायला लागला. मला ते दिसलं नाही. कडेच्या बाकावरची एक पोर, इतक्या महिन्यांत तोंड न उघडलेली, उठून म्हणाली, "बाई, तिसरा भाग मोठा असतो?"

तेव्हा मला दिसलं आणि त्याच क्षणी तुमच्याकडे नजर गेली. तुमचं तोंड रुमालाआड उघडलं होतं. आता बोलणार, असं वाटलं. मी वाट बघितली. खरंच बघितली.

तुम्ही बोलला नाहीत.

मग मी पोरींकडे वळले आणि म्हटलं, "ही म्हणते ते बरोबर दिसतंय. असं कसं झालं, मला कोणी समजावेल का?" अहो, वर्ग उसळला. कोणी पट्टी घेऊन मोजायला धावली, कोणी म्हणाली दुसरी पट्टी लबाड आहे. शेवटी त्याच पोरीने सांगितलं, "दोन्ही पट्ट्या सारख्या असल्या तरच भागांची तुलना करायची." माझ्या पाठाच्या टाचणात हे वाक्य मी सांगणार होते. तिने सांगितलं. परीक्षकांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं नाही.

वळून बघितलं तर खिडकी रिकामी. भेटला का नाहीत?

आता महत्त्वाचं. इथल्या मुख्याध्यापिकांनी विचारलंय, पुढच्या वर्षापासून इथे शिकवायला येता का. आपल्या शाळेतही जागा निघतेय, हे हेडमास्तरांनी मला कळवलं. तुम्ही कळवलं नाहीत, ते का, हे विचारत नाही. इथे राहिले तर शनिवारी येईन आणि सोमवारी पहाटे निघेन. मी अजून कोणालाच उत्तर दिलेलं नाही. मला तुमचं मत हवंय. मत, दुरुस्ती नव्हे.

तुमचीच


२५ जानेवारी

बाईसाहेबांस,

सर्दी खोटी होती. आता मात्र खरीच झालीय, रुमालाचा उपयोग होतोय.

भेटलो नाही, कारण भेटलो असतो तर पहिलं वाक्य "पट्ट्या आधी आखून घ्यायच्या" असंच निघालं असतं. ते तोंडात घेऊन मी बसमध्ये बसलो आणि घरापर्यंत तसंच आणलं. घरी चिमणीला सांगितलं. ती म्हणाली, "मग बाबा, तुमच्या पट्ट्या नेहमी सारख्या येतात, म्हणून आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही." मी तिला झोपायला पाठवली. नऊ वाजले नव्हते.

तुला काय सांगू, त्या खिडकीत माझं काय झालं ते. तुझी चूक मला तुझ्याआधी दिसली. हात असा शिवशिवला की मी गज घट्ट धरले. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला कळलं की तू थांबली आहेस, माझ्यासाठी थांबली आहेस, इतकी वर्षं थांबत आलीस तशीच. मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. म्हटलं, अजून मी लागतो हिला. आणि मग ती पोर बोलली होती म्हणून म्हण, की तुझ्या तोंडाकडे बघून म्हण, मी गप्प राहिलो. वर्ग उसळला तेव्हा मी निघालो. माझा वर्ग माझ्या वर्तुळाला टाळ्या देतो. असा कधी उसळला नाही. शिपायाने मला फाटकापर्यंत सोडलं. त्याला वाटलं माझ्या डोळ्यांत धूळ गेलीय.

लंबूवर जळलो ते सोपं होतं, तो परका. तुझ्यावर जळणं अवघड आहे. कानामागून आलीस, माझ्याच स्वयंपाकघरातून, माझेच तपासलेले पेपर बघत आणि मला न येणारी गोष्ट तुला येते. मला जळू दे थोडा वेळ. जाईल की नाही ते माहीत नाही.

जागा निघाल्याचं कळवलं नाही, कारण तू आपणहून विचारावंस अशी इच्छा होती. आता विचारलंस, तर मत लिहितो. तिथेच राहा. आपल्या शाळेत आलीस तर तुझ्या वर्गाला खिडकी असेल आणि मी रोज तिच्यात उभा राहीन. एक दिवस गप्प राहिलो म्हणजे माणूस सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी, नाहीतर दहाव्या दिवशी मी तोंड उघडेन आणि तुझा पाठ माझा करून टाकेन. मी स्वतःला ओळखतो. शनिवारी येशील, सोमवारी जाशील, मधले दिवस मी काढेन. वाईट जातील. जाऊ देत.

तो स्क्रीन कसा चालवायचा ते लिहून पाठव. पायरी पायरीने, सावकाश. पत्रात मला मध्ये बोलता येत नाही, तेवढं बरं आहे.

तुझा,
मास्तर

ता. क. तुझ्या त्या शाळेत एकच जागा आहे ना? म्हणजे लंबूने तिथे अर्ज वगैरे केलेला नाही ना, तेवढं मात्र उलट टपाली कळव.